कमलेशची नऊ पानं

बोईसर,
९ ऑक्टोबर २०२३

प्रिय सपना,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. सासूबाईंचे गुडघे जिना दिसला की कुरकुरतात, एरवी त्या खुशीत असतात. स्वराचं बारावीचं वर्ष आहे. अभ्यास करते असं ती स्वतःच सांगते. तू पालघरला खोली घेतलीस असं कळलं. पाणी नीट येतं का? इथे आज तिसरा दिवस टँकर.

फोनवर तू मिळत नाहीस. मेसेज पाठवला की एकच खूण राहते, दुसरी उमटत नाही. त्याचा अर्थ मला कळतो. म्हणून हे पत्र. पत्ता कमलेशने दिला. त्याच्यावर रागावू नकोस, मी स्टेशनजवळ त्याला गाठून घेतला. भाऊ म्हणून तो तुझ्यासारखाच आहे, दहा वेळा विचारावं तेव्हा एकदा बोलतो.

सपना, तू नोकरी सोडून गेलीस त्याला सव्वा वर्ष होईल. तुम्ही चौघांनी 'खळं' काढलंत तेव्हा सुजीत सर हसले होते. आपल्या 'निगा'सारखाच प्रोग्रॅम, कारखान्यातल्या कामगारांच्या सहामाही तपासण्यांची नोंद ठेवणारा, पण फुकट. आणि वर कोडसुद्धा सगळ्यांना उघडा, ज्याला हवा त्याने वापरावा, बदलावा. सर म्हणाले, "फुकटच्या औषधावर पेशंटचा विश्वास नसतो, विजया. कारखानदाराचा तर मुळीच नसतो." मीही हसले होते. मग एक कारखाना तुमच्याकडे गेला. सर म्हणाले, जाऊ दे. मग गणपतीच्या आत सात गेले. आता ऑफिसात कुणी हसत नाही. सरांनी वर्षभर 'निगा' फुकट देऊ असं सांगून पाहिलं, तरी लोक विचारतात, वर्षानंतर काय?

ते पत्रक तुझ्या हाती पडलं असेल. 'खुल्या प्रोग्रॅममधली माहिती चोरीला गेली तर जबाबदार कोण?' ते. ते ऑफिसने काढलं. धंद्यात अशी पत्रकं निघतात, मनावर घेऊ नकोस.

मी तुला वेगळंच सांगायला बसले आहे. सर तुला परत घ्यायला तयार आहेत. नुसतं परत नव्हे, वरच्या जागेवर. 'खळं' आपल्याकडे आणायचं, नावही तेच ठेवू म्हणतात, फक्त कोड बंद करायचा. तुझ्या बरोबरच्या तिघांनाही घेतील. तू नाही म्हणशील हे मला माहीत आहे. पण नाही म्हणायच्या आधी एकदा माझ्याकडे बघ. यांचा कारखाना जूनमध्ये बंद पडला, तेव्हापासून कैलास घरी आहेत. सकाळी कंपनीची बस जाते त्या वेळी ते सवयीने उठून, दाढी करून, गॅलरीत उभे राहतात. मला ते बघवत नाही. आमच्या ऑफिसात आम्ही नऊ जण. नवांच्या घरी असं कुणी ना कुणी उभं आहे. तुझ्या फुकटच्या प्रोग्रॅमने कारखानदाराचं भलं होईल, पण त्याच्या खाली कोण चेंगरतं ते तू पाहिलंस का?

चिडून लिहिलं. पुसत नाही. तू तीन वर्षं माझ्या घरी राहिलीस, माझं चिडणं तुला ठाऊक आहे.

सासूबाई रोज विचारतात, "सपनी कवा येनार गं?" मी सांगते, कामात आहे.

उत्तर दे. दोन ओळी पुरतील.

तुझी,
विजयाताई



बोईसर,
२२ मार्च २०२४

सपना,

आशीर्वाद लिहावेत की नाही, याच विचारात बराच वेळ पेन धरून बसले. लिहिते. अनेक आशीर्वाद.

वकिलाची नोटीस तुला मिळाली असेल. तिच्यासोबतच्या जबाबाखाली माझी सही आहे. ती पाहून तुला काय वाटलं असेल ते मी दोन आठवडे रोज मनात म्हणून बघते आहे.

तू जाताना 'निगा'चा कोड बरोबर नेलास असं त्यात लिहिलंय. मी तसं डोळ्यांनी पाहिलं असं लिहिलेलं नाही, 'माझ्या समजुतीप्रमाणे' असा शब्द आहे. मी तो मुद्दाम घालून घेतला. सर म्हणाले, ही नुसती पद्धत असते, नोटीस गेली की समोरचे बोलायला येतात, कोर्टापर्यंत कुणी जात नाही. तर तुम्ही बोलायला या ना. या, बसा, काहीतरी मार्ग काढू. असं लढून कुणाचं भलं होणार?

सासूबाईंना नोटिशीचं कळलं. स्वरा बोलून गेली. "जिला तीन वरीस ताटात वाढलं तिच्यावर कागद केलास व्हय?" एवढंच म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. स्वतः उठून, गुडघे धरत, करून प्यायल्या.

'निगा'मधून नोंदी बाहेर काढायचं बटण बंद आहे, अशी तक्रार तुमच्या लोकांनी कारखान्यांमार्फत केली आहे. ते सुधारणेसाठी बंद आहे. काम चालू आहे. होईल सुरू. तुमच्याकडे आलेल्या कारखान्यांतल्या लोकांच्या जुन्या तपासण्या कोऱ्या दिसतात हे मला कळलंय, त्याला थोडा वेळ लागेल.

कैलासना वापीला काम मिळालं. पहाटे जातात, अंधार पडल्यावर येतात. बोलत कमी आहेत, पण गॅलरीत उभे राहायचं थांबलं.

परवा कमलेश ऑफिसला येऊन गेला. बारीक झाल्यासारखा वाटला. पाणी दिलं, बसवलं. त्याचं किरकोळ काम होतं, होऊन जाईल. तुझी चौकशी केली तर म्हणाला, "बरी हाय." तुम्हा भावंडांना एकमेकांबद्दल एका शब्दापुढे बोलता येत नाही का गं?

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. मागे त्यांनी पाठवलेल्या वालाच्या शेंगांची भाजी अजून सासूबाईंच्या तोंडी आहे.

तुझी,
विजयाताई



बोईसर,
२ फेब्रुवारी २०२५

सपना,

तुझा मेसेज आला. इतक्या महिन्यांनी तुझं नाव फोनवर उमटलेलं पाहिलं आणि हातातलं पातेलं खाली ठेवून मी तिथेच ओट्याला टेकले. तू लिहिलंस, "ताई, तू आईला कागद दिलेस. त्या ऑफिसात तू एकटीच माणूस निघालीस. कमलेशच्या दिवसाला ये."

मी निघाले होते. वाणगावला उतरलेही. रिक्षावाला विचारत होता, "बाई, कोनच्या पाड्यावर?" मी पाड्याचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "तिकडंच चाललोय, पोऱ्या गेला ना तिकडं, लय लोक चाल्लीत." मी म्हटलं, थांबा, आले. आणि पूल चढून पलीकडच्या फलाटावर गेले. बोईसरची गाडी आली त्यात बसले. तू वाट पाहिली असशील. लेकाच्या दिवसाला मी का आले नाही, असं ठमीकाकींनी तुला विचारलं असेल.

मी का परत फिरले ते या पत्रात लिहायचंय. चार वेळा लिहायला घेतलं. चारही वेळा दोन पानं इकडचं तिकडचं लिहून फाडलं. आता सरळ लिहिते, तू शेवटपर्यंत वाच. मध्येच टाकून दिलंस तर निदान सोबतची यादी टाकू नकोस. तिचं काम शेवटी सांगते.

तुझी आई आली तो दिवस डिसेंबरातला. अकराचा सुमार असेल. खालचा गार्ड वर येऊन म्हणाला, "मॅडम, एक बुढ़िया बैठी है, हट नहीं रही." मी जिन्यात गेले तर ठमीकाकी पायरीवर बसलेल्या. मला त्यांनी ओळखलं.

"बाय, तुमी विजया ना? माझ्या सपनीला जेवाया घालायची ती?"

मी हो म्हटलं.

"कमलेश मुंबैला दवाखान्यात हाय, लघवीच्या पिशवीत गाठ हाय म्हनं. डाक्टर म्हनतो, आधीचा कागुद आना. कवापासून दुखनं हाय ते बघाया पायजे त्याला. तुमच्या कांपूटरात हाय ना तो कागुद?" आणि मग थोडं थांबून, अगदी शंका काढल्यासारखं त्यांनी विचारलं, "माझ्या पोऱ्याचाच हाय ना तो?"

मी त्यांना वर आणलं. नाव टाकलं. प्रिंट दिली. नऊ पानं. सपना, मशीनला एक मिनिट लागलं नाही.

सर केबिनमधून बाहेर आले. "विजया, काय चाललंय?"

"प्रिंट काढतेय, सर."

"कुणाच्या परवानगीने?"

"ज्याचं रक्त आहे त्याच्या आईच्या," मी म्हटलं.

हे वाक्य ठमीकाकींनी तुला सांगितलं असणार. त्या वाक्यावरूनच तू मला माणूस म्हणालीस. ते वाक्य खरंच मी बोलले. पण ते बोलायला माझ्याकडे दहा महिने होते.

कमलेशने तुला सांगितलं होतं की गार्डने त्याला वर सोडलं नाही. तू तुझ्या मेसेजात पुढे तसंच लिहिलं आहेस, "गार्डने हाकललं नसतं तर." गार्डने त्याला कधीच अडवलं नव्हतं. तो तीन वेळा वर आला. तिन्ही वेळा माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसला. तिन्ही वेळा मी त्याला परत पाठवलं.

पहिल्यांदा आला तो गेल्या वर्षी फेब्रुवारीत. नुकताच त्याने जुना कारखाना सोडून नवा धरला होता, 'खळं' वापरणारा. हातात प्लास्टिकची फाइल, नखं रंगाने पिवळी. म्हणाला, "ताई, नवीन कंपनीत माझं जुनं कायच दिसत नाय. मला परत रंगाच्याच खात्यात टाकलाय. जुन्या कंपनीतल्या नर्सबाय म्हनलेल्या, कमलेश, तुझं रिपोट बरं नाय, रंगात काम करू नको. पन ठेकेदार आयकत नाय. म्हनतो, कागुद आन, मंग दुसरीकडं टाकतो."

तो बोलत होता तेव्हा मी सवयीने त्याचं नाव टाइप केलं. नोंद उघडली. तुला माहीत आहे तिथे कसं दिसतं, तूच तो भाग केला होतास. लघवीच्या तपासणीत रक्त, म्हणून लाल खूण. एकदा नव्हे, लागोपाठ तीन तपासण्यांत. खाली डॉक्टरचा शेरा, 'रंग विभागातून हलवावे. मोठ्या रुग्णालयात पुढील तपासणी आवश्यक.' मी वाचलं. पूर्ण वाचलं. आणि स्क्रीन थोडी माझ्याकडे वळवून घेतली.

"सिस्टीम बंद आहे रे," मी म्हटलं. "उद्या ये."

ते सुधारणेसाठी बंद असलेलं बटण, सपना, त्यात कसलीही सुधारणा नव्हती. सरांनी त्याआधीच्या नोव्हेंबरातच सांगितलं होतं, जे कारखाने किंवा कामगार 'खळं'कडे गेले त्यांची एकही नोंद बाहेर जाता कामा नये. 'खळं'मध्ये सगळे कोरे दिसले पाहिजेत, म्हणजे चार महिन्यांत कंटाळून परत येतील. कुणी कामगार आला तर त्याला कारखान्याकडे पाठवायचं, कारखान्याचं पत्र आलं तर 'प्रक्रियेत आहे' लिहायचं. ती उत्तरं मी लिहायची. ज्याच्या हातून कागद जाईल त्याने दुसऱ्या दिवशी यायचं नाही, हेही सांगितलं होतं. त्या दिवसांत कैलास घरीच होते.

दुसऱ्यांदा तो मार्चमध्ये आला. मी तुला त्याच आठवड्यात पत्र लिहिलं. किरकोळ काम होतं असं लिहिलं.

तिसऱ्यांदा मे महिन्यात. जिना चढून आला तर दोन मिनिटं त्याला बोलता येईना. मग इकडेतिकडे बघत, हळूच म्हणाला, "ताई, लाल व्हतंय." मी म्हटलं, सरकारी दवाखान्यात जा ना. तो म्हणाला, "गेलतो. गोळ्या दिल्या. ते बी इचारतात, आधी काय निघालेलं? मी काय सांगू? मला वाचता येतं तेवढं सांगितलं." नोंद तेव्हाही उघडता आली असती. मी उघडली नाही. पुन्हा वाचायची हिंमत नव्हती. "पुढच्या आठवड्यात नक्की," मी म्हटलं.

तो उठला. दाराशी जाऊन परत आला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "ताई, सपनीला सांगू नका मी आलतो ते. ती उगाच तुमच्याशी भांडल. आधीच तुमचं दोघींचं बरं नाय."

त्यानंतर तो आला नाही. आणि तुला सांगताना त्याने गार्डचं नाव घेतलं.

मी घाबरले होते हे खरं आहे. पण तेवढंच सांगितलं तर ते खोटं होईल. पहिल्यांदा मी घाबरून बोलले. दुसऱ्यांदा तो दिसताच वाक्य तोंडात तयार होतं. तिसऱ्यांदा मला त्याचा राग आला होता. सारखा का येतो, असं मनात आलं होतं. तुला भेटायला आला की माझ्या ताटात जेवणाऱ्या मुलाबद्दल. हे मी कैलासनाही सांगितलेलं नाही.

आता बाकीचंही सांगून टाकते. ते पहिलं पत्रक, 'जबाबदार कोण' विचारणारं, ऑफिसने काढलं असं मी लिहिलं होतं. ते मी लिहिलं. शब्द माझे. सर फक्त म्हणाले, भीती वाटेल असं लिही. आणि तुला आठवतं ना, ऑफिसात पत्रं माझीच चांगली होत.

आणि कोडाचं. तू 'निगा'तून काही नेलं नव्हतंस. उलट झालं होतं. कामगाराला स्वतःच्या फोनवर स्वतःची नोंद दिसेल, ही तुमची सोय सरांना हवी होती, कारखान्यांना दाखवायला. तुझ्यानंतर कोड लिहिणाऱ्या भाग्येशला त्यांनी 'खळं'मधला तो सगळा भाग जसाच्या तसा उचलायला लावला. त्या फाइलच्या वर तू तुमच्या बोलीत एक ओळ लिहून ठेवली होतीस, 'हा कोनाच्या बापाचा नाय. घ्या, वापरा, सुधारा नि परत द्या.' भाग्येशने ती वाचून दाखवली, आम्ही दोघं हसलो, आणि मग त्याने ती पुसली. परत द्यायचं तर राहूच दे. त्यानंतर दोन महिन्यांनी मी तू चोर असल्याच्या कागदावर सही केली. 'माझ्या समजुतीप्रमाणे' या शब्दावर मी केवढी खूश होते!

कमलेश गेल्याचं कळलं त्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांना सगळं सांगितलं, तो तीनदा आला होता तेही. सर राक्षस नाहीत, सपना. 'निगा' त्यांनी एकट्याने उभं केलं, तुला-मला काम शिकवलं. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "बटण बंद केलं नसतं तर कंपनी बंद पडली असती."

"मग आता उघडू या," मी म्हटलं.

"आता उघडलं तर आपण कबूल केल्यासारखं होईल, विजया."

तेव्हा मला कळलं की ते बटण आता कधीच उघडणार नाही. आधी धंदा वाचवायला बंद होतं, आता स्वतःला वाचवायला बंद राहील. आणि वाचलं तरी काय? त्याच महिन्यात आणखी सहा कारखाने गेले. नऊ जणांतले आम्ही चार उरलो होतो.

मी नोकरी सोडली. त्यात मोठेपणा काही नाही, उरलेले तिघंही दुसरीकडे बघतच आहेत. भाग्येश मात्र माझ्यासोबत पालघरला आला. तिथे आम्ही दोघांनी नोटरीसमोर शपथपत्रं केली. माझ्या शपथपत्रात तीन गोष्टी आहेत. तुझ्याविरुद्धचा जबाब खोटा होता. तुमचा कोड आम्ही उचलला. आणि नोंदी जाणूनबुजून अडवल्या. तिसऱ्या गोष्टीखाली कमलेशचं नाव आणि तो आला ते तीन दिवस लिहिले आहेत. प्रत सोबत आहे. मूळ तुमच्या वकिलांकडे दिलं आहे. कामगार कार्यालयातही एक प्रत दिली, पोच घेतली. कैलासनी शपथपत्र वाचलं. वाचून झाल्यावर मला म्हणाले, "मी घरी बसलो होतो म्हणून तू हे केलंस, असं कुणाला सांगू नकोस." मी सांगणार नाही. तुला वर 'कैलास घरीच होते' असं लिहिलं, ते कारण म्हणून धरू नकोस.

सासूबाईंना सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळून बसल्या. स्वरा तिच्या खोलीतून बाहेर आली नाही.

आता यादी.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी 'निगा'मध्ये एकच गोष्ट शोधली. रंगाच्या खात्यात काम, लघवीत रक्ताची लाल खूण एकदा तरी, आणि कारखाना नंतर 'खळं'कडे गेलेला. म्हणजे आज ज्यांची पाटी कोरी दिसते ते. चौदा नावं निघाली. नोंदी मी उचललेल्या नाहीत, त्या ज्याच्या त्याच्या आहेत. फक्त नाव, वय, गाव आणि जुना कारखाना एवढं वहीत हाताने लिहून घेतलं.

गेले आठ दिवस मी ती माणसं शोधते आहे. चार सापडली. पाम गावात भागी नावाची बाई आहे, रंगाच्या पिशव्या भरायची, अजूनही भरते. मी तिच्या दारात उभी राहून सांगितलं तर तिने मला आधी नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "मला कोनी सांगलाच नाय. एवढा तुमाला ठाव व्हता तं सांगाया का नाय आले?" तिला घेऊन दवाखान्यात गेले, मोठ्या तपासणीची चिठ्ठी घेतली. तारीख मिळाली आहे. आणखी दोघं स्टेशनमागच्या खोल्यांत मिळाले. त्यांतल्या एकाने ऐकून घेतलं, आभार मानले आणि म्हणाला, "छुट्टी नहीं मिलेगी, दीदी." त्याच्याकडे उद्या पुन्हा जाणार आहे. चौथा गावी जायला निघाला होता, त्याच्या बायकोला समजावून चिठ्ठी दिली. ती जपून ठेवेल असं वाटतं. खात्री नाही.

दहा उरले. ठेक्यावरची माणसं, जुन्या कारखान्यांत आता नाहीत. मी एमआयडीसीतल्या फाटकांवर उभी राहते, पाळी सुटली की नावं विचारते. लोक मला वसुलीवाली समजतात, नाव सांगत नाहीत. ठेकेदार हाकलतात. एका फाटकावर काल मला दुपारभर थांबवून ठेवलं आणि शेवटी म्हणाले, उद्या या. मी तिथे रस्त्यावर बसून रडले, सपना, आणि लोक बघत होते.

या दहा जणांचे आजचे कारखाने, फोन, सगळं तुमच्या 'खळं'मध्ये असेल. तुम्ही चौघं बसलात तर एका दिवसात माणसं सापडतील. मी एकटी महिनाभर फिरले तरी सापडायची नाहीत. म्हणून मागते आहे. माझं तोंड बघायची गरज नाही, माझ्याशी बोलायची गरज नाही. यादी तुमच्यातल्या कुणाकडेही दे. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा जुना कारखाना आहे, आणि ज्यांच्या दोनपेक्षा जास्त लाल खुणा होत्या त्यांची नावं वर घेतली आहेत. वरच्या तिघांना आधी शोधा. पहिला मुलगा चोवीस वर्षांचा आहे.

ठमीकाकींना हे पत्र वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. मुंबईच्या डॉक्टरने ती नऊ पानं हातात घेतली, मधलं एक पान काढून बराच वेळ बघितलं आणि परत लावलं, हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं. "डाक्टरनी काय पायला त्याच्यात?" असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. ते शेरा असलेलं पान होतं. मला ते पाठ आहे.

सरांनी नोटिशीनंतर तुमच्यावर लावलेल्या दाव्याची २४ तारखेला पालघरच्या कोर्टात सुनावणी आहे. मी येईन. तुमचा वकील मला उभं करेल. त्याला सांग, कमलेशबद्दल आडून आडून विचारू नकोस, सरळ विचार. सर समोर असतील, कैलास असतील. ठमीकाकींना यायचं असेल तर त्यांनाही येऊ दे.

तुझा मेसेज मी पुसलेला नाही. पण त्यातला एकही शब्द आता माझा नाही, तू तो परत घे.

खाली सही शपथपत्रावर केली तशीच करते. दुसरं काही लिहायला हात धजत नाही.

विजया कैलास शेळके,
वय ४४, राहणार बोईसर